ठोके काका आणि खराबी

ठोके काका कुठल्याही वस्तूवर सरळ विश्वास ठेवत नसत. आधी ठोकून पाहत. टरबूज आणि माठ तर सगळेच ठोकतात. काका आमच्या घरी आले की दार ठोकायचे आणि दार उघडलं तरी आत यायचे नाहीत. पुन्हा एकदा, जरा खाली, बोटाच्या पेरानं ठोकून आईला सांगायचे, "वहिनी, इथून वाळवी लागून राहिली." एकदा माझं हेल्मेट त्यांनी मी घातलेलं असतानाच ठोकलं. मग मान हलवून म्हणाले, "हेल्मेट चांगलं आहे. आतलं मले माहीत नाही."

काकांचं कुटुंब वर्ध्याकडचं. त्यांचे वडील रेल्वेत लागले म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. पुढे काकाही रेल्वेतच गेले. त्यांचं काम असं: गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालत जायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. धड चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक भद्द वाजतं. भद्द वाजलं की डब्यावर खडूनं 'सिक', म्हणजे आजारी, असं लिहायचं आणि तो डबा गाडीतून काढला जायचा. माणसानं आयुष्यभर हेच केलं. हजारो लोक वर बसून समोसे खातायत आणि खाली एक माणूस ऐकतोय. या कामाचं कौतुक कुणी केलं? कुणी नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काकांनी तेही ठोकून पाहिलं.

पुरानी बस्तीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. सणांचा मोसम आला की या गल्लीत डीजेचे ट्रक शिरतात आणि स्वयंपाकघरातले डबे फळीवरून चालायला लागतात. मी याविरुद्ध मोहीम चालवते. मोहिमेचं नाव 'कान वाचवा'. पत्रकं मी लिहिते, मी छापून आणते आणि मीच वाटते. पत्रकाच्या मागच्या बाजूला तक्रारीचा तयार नमुनाही छापला होता: नाव, पत्ता, आवाजाचं ठिकाण, खाली सही. मोकळ्या जागा भरायच्या आणि थेट ठाण्यात द्यायचं. लोकांना तक्रार लिहिता येत नाही म्हणून अन्याय चालू राहतो, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. फक्त हा नमुना कुणाच्या हाती पडेल याचा मी विचार केला नव्हता.

या नव्या पत्रकावर पहिली सही काकांची. त्यांनी पत्रक पूर्ण वाचलं, जे माझ्या बाबांनीही केलं नव्हतं.

"हे 'आम्ही' म्हणजे कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"सध्या मी."

"मग 'मी' लिही ना." मग चष्मा वर करून म्हणाले, "अन् हा 'भयंकर, असह्य, राक्षसी आवाज' म्हणजे कसा? खणखण का धडधड?"

"काका, भयंकर म्हणजे भयंकर! ऐकलं की काय वाटतं ते लिहिलंय."

"तुले काय वाटते ते नको सांगू, पोट्टी. ऐकू काय आलं ते सांग."

हे वाक्य त्यांनी मला पुढे इतक्या वेळा ऐकवलं की मी त्याच्याविरुद्धही पत्रक काढलं असतं.

तर असा हा माझा पहिला सहीवाला. आणि महिन्याभरात मला काय कळावं? झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी दुसरा गठ्ठा पडला होता. तिरक्या अक्षरात 'खराबी', खाली 'शोर, दोपहर चार बजे' आणि त्याखाली 'टिकट: एक बिगड़ी हुई चीज़'. पत्ता ठोके काकांचा. शोर! आवाजाविरुद्ध सही करणाऱ्या माणसाच्या घरी आवाजाचा कार्यक्रम! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मोहिमेच्या घोषणांचा माझा बिघडलेला भोंगा तिकीट म्हणून उचलला आणि काकांना जाब विचारायला गेले.

'खराबी' हा बँड होता. एक रितिका. इथलीच छत्तीसगढी मुलगी, नोकरी शंकर नगरच्या एका ऑफिसात आणि जीव सगळा खराब स्पीकरांमध्ये. दुसरा प्रणय. घरात मराठी, पण त्याच्याशी मराठीत बोललं की उत्तर हिंदीत येणार. तिसरे ठोके काका, वय अडुसष्ट. यांना गाणं नको होतं. सूर नको, ताल नको. खेळण्यांमधून काढलेल्या पितळी चकत्या तारा जोडून वस्तूंना चिकटवायच्या, म्हणजे वस्तूच्या पोटातला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो. अशा चकत्या त्यांनी कढईला, सायकलच्या चाकाला आणि काकूंच्या शिलाई मशीनला लावल्या होत्या. काकू वारून चार वर्षं झाली होती. ही त्यांची ब्लाऊज शिवायची खोली. मशीन तेव्हापासून झाकून ठेवलेलं होतं. बँडच्या पोरांना एका हॉलमधून, दोन गच्च्यांवरून आणि पंडरी बाजारातल्या कापडाच्या गोदामातून हाकललं होतं. मग प्रणयनं काकांना विचारलं, तर काकांनी स्वतःच मशीनवरचं कापड काढलं. "बंद पडून राहिल्यापेक्षा वाजलेली बरी," म्हणाले.

मी दारात उभी राहून कडाडले, "काका, तुम्ही सही केली होती!"

"केली ना. खरी आहे."

"मग हे काय आहे?"

"ट्रकवाल्याविरुद्ध केली. तो स्वतःच ऐकत नाही, दुसऱ्याले काय ऐकवन? इथं सारे ऐकून राहिले. मोज."

मी मोजले. अकरा श्रोते, सगळे जमिनीवर, सगळे डोळे मिटून. मशीनची खटखट, कढईचा लांबत जाणारा घुमारा आणि मध्ये काका हातोडीचा एकच ठोका मारून पाच मिनिटं थांबलेले. मला काही कळलं नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण अशा कार्यक्रमांना जाऊन आलेले लोक सगळं कळल्यासारखं बोलतात. कार्यक्रम संपल्यावर रितिकानं माझा भोंगा हातात घेतला. बटण दाबलं की त्यातून फक्त किंचाळी यायची. काकांनी तो ठोकला, कानाला लावला आणि निदान केलं, "याचा आवाज ठीक आहे. शब्द गेले."

रितिका म्हणाली, "दीदी, ये तो हमको दे दो. बहुत सुंदर है."

चार वर्षं मी त्या भोंग्यातून गल्लीला जागं करत होते. सुंदर कुणी म्हटलं नव्हतं. मी देऊन टाकला.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले. तपासणीसाठी, असं मी आईला सांगायचे. काका स्वतः खिचडी लावायचे आणि शिजली का हे झाकणावर ठोकून ठरवायचे. पोरं बँडच्या वाजवण्याच्या कॅसेट घरीच भरायची आणि पंडरीतून आणलेल्या कापडाच्या कातरणांच्या पिशव्यांत घालायची. त्या पिशव्या काका शिवायचे, काकूंच्याच मशीनवर, चकत्या तशाच चिकटवलेल्या ठेवून. म्हणजे पिशवी शिवणं हाही कार्यक्रमच. पिशव्या वाकड्या व्हायच्या. काका म्हणायचे, "तिनं पाहिलं असतं तर उसवून ठेवली असती." आणि पुढची शिवायला घ्यायचे. चार वर्षं त्या खोलीला कुलूप होतं, हे मला गल्लीत राहूनही माहीत नव्हतं. आता तिथे चार माणसं जेवत होती. ही खोलीही हातची गेली असती तर बँड आणखी कुठेतरी गेला असता, नाही तर मोडला असता. काका मात्र परत कुलूप लावून बाहेरच्या खुर्चीवर बसले असते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग तक्रार आली. ती केली होती गल्लीच्या उत्सव समितीच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे नुसतं भैया म्हणतात. हो, तेच. डीजेचे ट्रक बोलावणारे. आणि तक्रार कशावर लिहिलेली? माझ्या नमुन्यावर! माझ्या पत्रकाची मागची बाजू, मोकळ्या जागा सुवाच्य अक्षरात भरलेल्या. आवाजाचं ठिकाण: ठोके काकांची खोली. मी भैयांना गाठलं. ते खरोखर आनंदानं म्हणाले, "बेटा, तुम्हारा फारम बहुत बढ़िया है. एकदम आसान."

त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी पाचला ठाण्यातून एक हवालदार आले; पोरांनाही बोलावलं होतं. भला माणूस होता, घामानं भिजलेला. आवाज मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. माझ्या मोबाइलमध्ये होतं. पत्रकावर तसं छापलेलंही होतं. म्हणून तपासणीची साक्षीदार मीच. गल्लीच्या मधोमध मी मोबाइल धरून उभी राहिले.

"बजाओ," हवालदार म्हणाले.

आत बँड वाजायला लागला. मीटरनं एकाहत्तर डेसिबल दाखवलं. दिवसाच्या पंचावन्नच्या मर्यादेच्या पुष्कळ वर. भैया हात बांधून हसले.

"अब बंद करो."

बँड थांबला. मीटर एकाहत्तरच.

हवालदारांनी मोबाइल हलवून पाहिला. मी मागे वळले. भैयांच्या खिडकीत त्यांचा तो लोखंडी कूलर, कपाटाएवढा, गाडी रुळावरून घसरल्यासारखा खडखडत होता. तो रोजच खडखडायचा. सगळी गल्ली त्याच्यावरून ओरडून बोलायची आणि कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही.

"शिकायत कूलर की नहीं है," भैया घाईनं म्हणाले.

"वो तो ठीक है," हवालदार म्हणाले, "पर बैंड बजे ना बजे, नंबर तो वही है. मैं क्या लिखूँ? कोई फर्क नहीं पड़ता, यही लिखूँगा." आणि त्यांनी वही काढली. आतून रितिका ओरडली, "हव, हव, लिख दो साहब!" आम्ही जिंकलो होतो. मी सही करायला पेन उघडलं.

तेवढ्यात काका खोलीतून बाहेर आले. हातात हातोडी, आणि काकूंच्या मशीनच्या तेलाची कुपी. ते आमच्याकडे आलेच नाहीत. सरळ भैयांच्या खिडकीपाशी गेले, कूलरच्या बाजूला ठोकलं आणि कान लावला.

"काका," मी हळू आवाजात म्हटलं, "नका."

"पंखा दांड्यावर ढिला झाला याचा. बुशात तेलाचा थेंब नाही."

"काका, आत्ता नका!"

"अवं, तो बिमार आहे," काका म्हणाले, जसं काही कूलरला ताप चढला होता. भैयांना त्यांनी हिंदीत हुकूम सोडला, "बटन बंद करो. पाना लाओ." आणि भैयांनी, तक्रारदारानं, निमूटपणे पाना आणून दिला.

दहा मिनिटं लागली. पंखा कसला, तेल सोडलं, हातानं फिरवून पाहिला, आणि कूलर चालू केला. तो सुरू झाला हे फक्त वाऱ्यावरून कळलं. गल्लीत अशी शांतता पसरली की तीन घरं पलीकडे कुणीतरी कांदा चिरत होतं ते ऐकू आलं. माझ्या मीटरवर एकोणपन्नास. 'कान वाचवा' मोहिमेला इतकं यश कधी मिळालं नव्हतं.

आणि त्या शांततेत, बाहेर काय चाललंय ते ठाऊक नसलेल्या प्रणयनं जिंकल्याच्या आनंदात शिलाई मशीन सुरू केलं. सगळ्या गल्लीला स्वच्छ ऐकू आलं. बासष्ट.

"अब सुनिए, साहब!" भैया म्हणाले.

हवालदारांनी लिहिलेल्या ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मैडम, कौन सा नंबर लिखूँ? आप ही बताइए."

खोटं सांगायचं नव्हतंच. पहिला आकडाही खराच होता. मी म्हटलं, "पहला लिखिए. जाँच तभी हुई थी."

"पोट्टी," काका हात पुसत म्हणाले, "आत्ता काय वाजून राहिलं?"

"काका, खोली बंद पडेल तुमची."

"ते मले माहीत आहे. ऐकू काय आलं, ते सांग."

मग त्यांनी तिथंच, हवालदारांसमोर, एक जुनी गोष्ट सांगितली. एकदा एका गाडीचं चाक त्यांना भद्द लागलं. गाडीत कुणी मोठा माणूस होता, साहेब लोक धावत आले, पुन्हा ठोक म्हणाले. काकांनी तीनदा ठोकलं, तीनदा भद्द. डबा काढला, गाडी थांबली, काकांना बोलणी बसली.

"चाकात तडा निघाला का मग?" मी विचारलं.

"मले कोणी सांगितलंच नाही बाप्पा. पण मी ऐकलं होतं."

मी बासष्टवर सही केली. इतका राग मला डीजेच्या ट्रकचाही आला नव्हता.

हवालदारांनी त्यातल्या त्यात दया दाखवली. त्यांनी लिहिलं, बँडचा आवाज गल्लीच्या आवाजाच्या वर जाऊ नये. म्हणजे गल्ली जेवढी गोंगाट करील, तेवढंच आम्ही वाजवायचं. ऐन उन्हाळा होता, घरोघर कूलर खडखडत होते, म्हणून पोरांना वाटलं की निभेल. निभलंही असतं. पण भैयांचा कूलर मुका झाल्याची बातमी गल्लीभर झाली होती. दुसऱ्याच दिवशी समोरची मावशी आली, "काका, हमारा भी देख दो ना." काका गेले. मग शेजारचे गुरुजी. मग कोपऱ्यावरचा सलूनवाला. रितिका हात जोडून उभी राहिली, "काका, मत ठीक करो ना. एक-दो तो छोड़ दो."

"बेटी, खराब आवाज सुनके चुप कैसे बैठूँ?"

"काका, अपने बैंड का नाम ही खराबी है!"

काकांनी यावर खरंच विचार केला. मग म्हणाले, "हौ. पण ती खराबी आपण ऐकून वाजवतो." आणि पाना घेऊन निघून गेले.

दर आठवड्याला एकेक कूलर गप्प होत गेला आणि दर आठवड्याला बँडला आणखी हळू वाजवावं लागलं. आधी स्पीकर अर्ध्यावर आणला. मग मशीनखाली गोधडी घातली. शेवटी प्रणय कढईला बोटानं नुसता स्पर्श करायचा आणि श्रोते कान पुढे करून बसायचे. अकराचे पाच झाले. पावसाळा लागला, कूलर बंद झाले, गल्लीत पागोळ्या ऐकू यायला लागल्या आणि बँड थांबला. जगात कुठल्याही बँडला त्याच्याच वादकानं इतक्या चिकाटीनं संपवलं नसेल.

काकांनी मशीनवर कापड टाकलं. कुलूप लावलं नाही, पण बाहेरच्या खुर्चीवर बसायला लागले. थंडीत त्यांची मुलगी नागपूरहून आली आणि म्हणाली, बाबा, आता चला. ते एकदाही नाही म्हणाले नाहीत. याचंच मला वाईट वाटलं.

स्टेशनवर आम्ही तिघं गेलो होतो. काका स्लीपरच्या खिडकीत बसले. खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. हातोडी दिली नाही, ती पिशवीत होती. गाडी सुटायच्या आधी मला काय सुचलं कोण जाणे, मी डब्यावर बोटानं ठोकलं.

"डब्यावर ठोकून काय कळते?" काका आतून ओरडले. "चाक खाली आहे!"

"चांगलं वाटलं, काका."

"वाटलं नको सांगू!" गाडी हलली. पुढचं वाक्य ऐकू आलं नाही, पण मला ते पाठ होतं.

आता या उन्हाळ्याची गोष्ट सांगते, कारण सांगायलाच हवी. मार्चमध्ये गल्लीनं कूलर काढले आणि तसेच खिडकीत बसवले. तेल घालायला कुणी नव्हतं. एप्रिलच्या मध्यावर पहिला खडखडला, मग दुसरा, आणि मे लागता लागता भैयांचा, सगळ्यांच्या वरताण. मी गल्लीत उभी राहून मीटर धरला. एकाहत्तर. हवालदारांनी लिहून दिलेली अट माझ्याकडे होतीच. मी रितिकाला फोन केला, खोली उघडली, मशीनवरचं कापड काढलं. पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता 'खराबी' पुन्हा वाजली. माझा भोंगाही वाजला. तेरा श्रोते.

मध्येच दारात भैया. मला वाटलं, आले फारम घेऊन. पण ते कपाळ पुसत म्हणाले, "बेटा, काका का नंबर देना. कूलर फिर बहुत बज रहा है. सो नहीं पाता."

 आवाजाविरुद्ध पाच वर्षं पत्रकं वाटणारी मी, मी म्हणाले, "भैया, उनका फोन नहीं लग रहा."

ते गेल्यावर मी काकांना फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला. आणि तसाच मशीनसमोर धरला. पोरं बराच वेळ वाजवत राहिली. नागपूरहून मग एकच ठोका आला. हातोडीचा, कशावर तरी लोखंडी. प्रणयनं तो पकडला आणि त्याच्या मागून मशीन चालवलं. मग पाच मिनिटांनी दुसरा ठोका. त्यांच्या मुलीच्या घराच्या गॅलरीचा कठडा होता, हे नंतर कळलं.

वाजवून झाल्यावर काका म्हणाले, "मस्त. मशीनले तेल द्या. अन् मागे तो कूलर कोणाचा? भैयाचा ना?"

"तुम्हाला तो ऐकू आला?"

"पंखा पुन्हा ढिला झाला. दहा मिनटाचं काम आहे. पाना घे अन् जा आत्ताच. प्रणय देईन पंखा कसून."

"हो काका," मी म्हणाले.

पाना माझ्याकडे आहे. कसा कसायचा तेही मला माहीत आहे. काकांनी शिकवलंय. ऐकू येतं ते लिहायचं म्हणून लिहिते: हे लिहीत असताना भैयांचा कूलर खडखडतो आहे आणि मी जागची उठलेली नाही. पाऊस पडला की जाईन. तोपर्यंत रविवारी चार वाजता, टिकट तेच.